तीन पट्टे की पाच?

मराठीत आपण 'खारीचा वाटा' म्हणतो, कन्नडमध्ये म्हणतात 'अळिलु सेवे'. दोन्हींमागची गोष्ट एकच. सेतू बांधताना वाळूचे कण आणून टाकणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामरायांनी प्रेमानं बोटं फिरवली आणि तिथे पट्टे उमटले. आमच्या घरी ही गोष्ट दोन्ही भाषांत सांगून झाली आहे. सासूबाई बोलताना 'इणची' म्हणतात, मी 'खारूताई' म्हणते आणि कार्टून बघून मोठी होणारी लेक म्हणते 'चिपमंक'. तीन पिढ्या, तीन नावं! त्यातली पहिली दोन एकाच प्राण्याची आहेत. तिसरं मात्र भलत्याच प्राण्याचं.

चिपमंकच्या साधारण पंचवीस जाती आहेत आणि एक सोडून बाकी सगळ्या उत्तर अमेरिकेत. उरलेली एक सायबेरियन. रशियापासून मंगोलिया, उत्तर चीन, कोरिया आणि जपानच्या होक्काइडो बेटापर्यंत तिचा वावर. भारतात रानात चिपमंक नाहीच. तो जमिनीत बीळ करतो, गालांच्या पिशव्यांत दाणे भरून नेतो आणि थंडीचे महिने बिळात झोपून काढतो. त्याच्या तोंडावरही पट्टे असतात. आपल्या खारीला ना गालाची पिशवी, ना तोंडावर पट्टा, ना हिवाळ्याची झोप. दोघी खारींच्याच मोठ्या कुळातल्या, पण शाखा वेगळ्या. चिपमंकचं जवळचं नातं जमिनीवर राहणाऱ्या खारींशी, तर आपलीचं आशियातल्या उष्ण प्रदेशातल्या झाडांवरच्या खारींशी. पाठीवरचे पट्टे दोघींनी आपापले मिळवले आहेत! आपल्या खारीच्या शास्त्रीय नावातला 'फुनाम्बुलस' हा शब्द लॅटिन. अर्थ, दोरीवरून चालणारा. विजेच्या तारेवरून धावणारी खार पाहिली की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

आता खरी गंमत. अंगणातली खार ही एक जात नव्हे, दोन आहेत. लिनियसनं १७६६ मध्ये 'पामारम' हे नाव दिलं, ते तीन पट्ट्यांच्या खारीचं. पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बहुतेकांनी देशभरच्या खारींना तेच नाव चालवलं. मुंबई इलाख्यात वनाधिकारी म्हणून काम केलेल्या रॉबर्ट रॉटन यांनी बारकाईनं पाहिलं, तेव्हा उत्तरेकडच्या खारीला मधल्या तीन पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक फिकट पट्टा दिसला. १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ती वेगळी जात म्हणून मांडली. नमुना होता सुरत जिल्ह्यातल्या मांडवी तालुक्यातला. थॉमस पेनंट या निसर्ग अभ्यासकावरून तिचं नाव पडलं 'पेनंटी'.

ढोबळ हिशेब असा. पाच पट्टेवाली उत्तरेची, कोरड्या आणि मोकळ्या मुलखात, माणसांच्या वस्तीत रमणारी. तीन पट्टेवाली दक्षिणेची, श्रीलंकेपर्यंत पोचलेली, झाडीत राहणारी. आणि दोघींचा मुलूख एकमेकांत मिसळतो तो दख्खनच्या पठारावर, म्हणजे आपल्याच बाजूला. आपल्या घरांत जशा दोन भाषा नांदतात, तशा आपल्या झाडांवर दोन खारी! त्यांना ना सीमेचा दगड ठाऊक, ना नाका.

मावसबहिणीकडे भोपाळला गेले होते, तेव्हा मी मुद्दाम खारी पाहिल्या. ती तुलसी नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहते. दारात कडुनिंब, मागे पेरू, आणि खारी अगदी स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत येणाऱ्या. पाठीवर पाच पट्टे, स्पष्ट. तिथे मोठ्या शहराच्या मधोमध इतक्या खारी दिसतात त्या जुन्या झाडांमुळे. ही झाडंही जाणार होती. जून २०२४ मध्ये मंत्री-आमदारांच्या नव्या निवासांसाठी शिवाजी नगर आणि तुलसी नगर भागातली सुमारे २९ हजार झाडं तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला. रहिवासी रस्त्यावर उतरले, बायाबापड्यांनी झाडांना मिठ्या मारल्या, आणि सरकारला दुसरी जागा पाहण्याचं जाहीर करावं लागलं. एकेकटीचा आवाज तो केवढा? पण अशाच आवाजांनी झाडं वाचली. खारीचा वाटा म्हणतात तो हाच.

आपल्या दोन्ही खारी आज काही दुर्मिळ नाहीत. पण रस्ता रुंद होताना जुने वड आणि चिंचा पडतात, परसातलं आंब्याचं झाड जाऊन तिथे पार्किंग होतं, तेव्हा झाडीत राहणारीनं जायचं कुठे? झाडी विरळ होत गेली, तर दोघींच्या मुलखांमधली रेघही सरकू शकते. ती सरकली हे कळणार कसं, जर आज कुठे कोण राहते हेच आपण पाहिलं नाही?

तेव्हा वाचकहो, या सुटीत मुलांना एक काम द्या. वही घेऊन अंगणात बसवा आणि पट्टे मोजायला सांगा. पाठीच्या मधले तीन चटकन दिसतात. पोटाच्या वर, कुशीला आणखी एक फिकट रेघ आहे का, ते बघायचं. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती नीट दिसते. घाटाच्या दाट जंगलात गेलात तर जपून, तिथे तीन पट्ट्यांचीच आणखी एक, गडद रंगाची जात राहते. तारीख, गाव, झाडाचं नाव आणि पट्ट्यांची संख्या, एवढं लिहिलं तरी पुरे. शेजारच्या रकान्यात 'खार' लिहा, 'अळिलु' लिहा, आजीची 'इणची' लिहा. 'चिपमंक' तेवढं सायबेरियाला राहू द्या.