रानातला मोठा कोळी

पाऊस सरता सरता आम्ही सह्याद्रीच्या रानवाटेने जातो, तेव्हा कधी कधी भलेमोठे जाळे तोंडासमोर आडवे येते. मधोमध काळा-पिवळा कोळी. पाय पसरले की २० सेंटीमीटरपर्यंत भरतो! छातीत धस्स होते. कुणीतरी म्हणतो, "चावला तर मेलोच!" आणि काठी उगारतो.

जरा थांबा. हा कोळी नव्हे, कोळीण आहे. नर अगदी बारका, तांदळाच्या दाण्याएवढा. तो तिच्याच जाळ्यात कुठेतरी असतो. जाळ्याचा धागा उन्हात सोन्यासारखा पिवळा दिसतो. इतका चिवट, की क्वचित लहान पाखरूही त्यात अडकते. पण तिचे रोजचे खाणे म्हणजे माश्या, टोळ असले किडेच.

ती माणसावर धावून येत नाही. हाताखाली दाबली गेली तर चावेल. मग दुखते, जागा लाल होते, आणि उतरते. माणूस त्याने मरत नाही.

खरे भय पायाशी असते. जाळ्याकडे बघत चाललो तर पाचोळ्यातले फुरसे दिसत नाही. ते डसले तर तडक दवाखाना गाठावा लागतो. म्हणून आम्ही जाळे मोडत नाही, खालून वाकून जातो. वाकले की नजर आपसूक वाटेवर येते.