पेशींची वाढ कशी मोजतात?

कर्करोगावरील नवे औषध रोग्याला देण्यापूर्वी प्रयोगशाळेत, बशीत वाढविलेल्या पेशींवर पाहतात. त्याने पेशींची वाढ थांबली की नाही, हे ठरवायचे कसे? आम्ही कला शाखेचे. तरी जेवढे समजले तेवढे हट्ट्यातील विद्यार्थी मित्रांसाठी मांडीत आहोत.

जुनी रीत म्हणजे थोड्या पेशी काढून, निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे. मेलेल्या पेशीत रंग शिरतो, जिवंत पेशीत नाही. ही रीत आजही चालते. पण मोजलेली पेशी पुढे कशी वाढली असती, ते कळत नाही.

दुसरी रीत चमकणाऱ्या कणांची. बँकेत संशयित नोट अतिनील दिव्याखाली धरली की तिच्यावरील क्रमांक चमकतो. तसेच हे कण एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा देतात. त्यांपैकी ‘क्वांटम डॉट’ साधारण २ ते १० नॅनोमीटरचे; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लहान कण निळा, मोठा तांबडा उजेड देतो. या कणांसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बावेंडी, ब्रुस व एकिमोव्ह यांना मिळाले.

पेशी हे कण आत घेते. ती दुभंगली की कणांचीही वाटणी होते. आठ एकर जमीन दोन भावांत चार-चार, त्यांच्या मुलांत दोन-दोन, नातवांत एक-एक. तसा तिसऱ्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत सुमारे आठवा हिस्सा उजेड उरतो. उजेड किती घटला यावरून पेशी किती वेळा दुभंगली ते कळते. (वाटणी दरवेळी समसमान होतेच असे नाही, हे शेतकऱ्यांना सांगायला नको!) मेलेल्या पेशीतून सांडलेले कण शेजारची पेशी उचलते, तेव्हाही हिशेब चुकतो. शिवाय अनेक क्वांटम डॉटमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असतो. कणानेच वाढ खुंटली तर श्रेय औषधाला जायचे! म्हणून कणाला जस्ताच्या संयुगाचे कवच देतात, कार्बनचे कण वापरून पाहतात आणि कण न घातलेल्या पेशी तुलनेसाठी शेजारी ठेवतात.

या प्रयोगांना पेशी मिळतात कोठून? पुणे विद्यापीठाच्या आवारातील नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स ही संस्था देशभरच्या प्रयोगशाळांना त्या पुरविते. त्यांत ‘हेला’ पेशीही आहेत. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय मातेच्या गाठीतून त्या १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे घेतल्या गेल्या, तिला न विचारता. ती त्याच वर्षी वारली; पेशी मात्र जगभर वाढत आहेत, साधारण दिवसाला दुप्पट. तिच्या वारसांनी एका कंपनीवर लावलेला दावा २०२३ मध्ये तडजोडीने मिटला.