गाठ कोणती, कुठे आणि कशी?

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे एका माणसाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. ही हदीस आपण मुलांना ऐकवतो. बांधायचे कसे, हे मात्र सहसा शिकवत नाही. मग घरातली गाठ एकतर आपोआप सुटते, नाहीतर सुरीने कापावी लागते. चांगली गाठ ताण असेपर्यंत टिकते आणि काम झाल्यावर हाताने सुटते. रोजच्या उपयोगाच्या चार गाठी येथे देत आहोत.

चौकट गाठ : बोचके, पार्सल, जखमेवरची पट्टी यांसाठी. आधी उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतले की गाठ तिरकी बसते आणि घसरते. मुलांच्या बुटाची नाडी वारंवार सुटते ती बहुधा यामुळेच.

जोडगाठ : दोन दोऱ्या जोडायला चौकट गाठ वापरू नये, वजन आले की ती दगा देते. जाड दोरी दुमडा. बारीक दोरी त्या दुमडीतून खालून वर काढा, दुमडीच्या दोन्ही पदरांमागून फिरवा आणि स्वतःच्याच पदराखाली खोचा.

खुंट्याची गाठ : कपड्यांची दोरी किंवा दावे बांधायला. खांबाभोवती दोन वेढे द्या. मोकळे टोक ताणलेल्या दोरीवरून फिरवून तयार झालेल्या फटीतून काढा. त्याच दिशेने आणखी एकदा. वेढेच बराचसा ताण पेलतात, म्हणून गाठ सहज सुटते.

न आवळणारा फास : बकरी ईदच्या आधी घरोघरी बकरे येतात आणि अनेकदा त्यांच्या गळ्यात सरकता फास अडकवला जातो. रात्री बकरा खुंट्याभोवती फिरतो, बिचकून ओढ घेतो आणि फास आवळत जातो. सकाळी तो मेलेला आढळला तर कुर्बानी हुकतेच, शिवाय एका मुक्या जिवाचा जाब आपल्यावर राहतो.

गळ्यात रुंद पट्टा असावा, हे उत्तम. तो नसेल तर खलाशी वापरतात ती गाठ घाला. दोरी गळ्याभोवती घ्या. खुंट्याकडे जाणाऱ्या दोरीवर लहानसे कडे करा. कड्यात टोकाकडचा पदर वर राहावा. मोकळे टोक कड्यातून खालून वर काढा, खुंट्याकडच्या दोरीमागून वळवा आणि त्याच कड्यातून परत खाली घाला. आता ओढून घट्ट करा. फास आणि गळा यांत दोन-तीन बोटे सहज जावीत. दोरी ओढून पाहा. फास लहान होत असेल तर गाठ चुकली आहे, पुन्हा बांधा.

नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, म्हणून टोक वीतभर सोडून एक जादा अर्धी गाठ मारावी. झिजलेल्या दोरीवर कोणतीच गाठ भरवशाची नाही. पाळण्याला बांधलेल्या खेळण्याची दोरीही बाळाच्या गळ्यापर्यंत लोंबू देऊ नये.

मुलांच्या हाती दोन-दोन हात दोरी द्या आणि खुर्चीच्या पायावर सराव करू द्या. दिवे गेल्यावर अंधारातही गाठ जमली, म्हणजे ती खरी शिकली.