साहाय्यक श्वान आणि सार्वजनिक अर्थसाह्य

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा परिसरात कुत्रा पाळला जातो तो प्रामुख्याने राखणीसाठी. शेतवस्तीवर, गोठ्याजवळ, मेंढरांमागे त्याचे स्थान ठरलेले असते. दिव्यांग व्यक्तीच्या दैनंदिन व्यवहारात मदत करण्याचे दीर्घ शिक्षण घेतलेला साहाय्यक श्वान मात्र आपल्याकडे विरळाच. जगात या प्रथेला शतक उलटून गेले असून तिचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नाची निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे काढली आहेत.

साहाय्यक श्वानांचे तीन मुख्य वर्ग मानले जातात. अंध व्यक्तीला वाट दाखवणारा तो मार्गदर्शक श्वान, म्हणजे गाइड डॉग. दारावरची थाप, शिजणाऱ्या कुकरची शिट्टी, तान्ह्या मुलाचे रडणे कर्णबधिर व्यक्तीला पंजाने स्पर्श करून कळवणारा तो श्रवण-श्वान. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला पडलेली वस्तू उचलून देणारा, दार ओढणारा, दिवा लावणारा तो सेवा-श्वान. अपस्मार किंवा मधुमेह असलेल्यांसाठी तयार केलेले श्वान बहुधा या तिसऱ्या वर्गातच धरतात. रुग्णालयांत किंवा विशेष शाळांत मुलांचे मन रमवण्यासाठी नेले जाणारे उपचार-श्वान मात्र यात येत नाहीत. ते एका व्यक्तीशी बांधलेले नसतात, आणि अर्थसाह्याचे नियम ठरवताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

मार्गदर्शक श्वानाची घडण सावकाश होते. सुमारे आठ आठवड्यांचे पिल्लू स्वयंसेवी कुटुंबाकडे सोपवतात. तेथे ते वर्षभर किंवा थोडे अधिक राहून बाजार, बस, गर्दी व गोंगाट यांना सरावते. मग संस्थेत काही महिन्यांचे औपचारिक शिक्षण होते आणि शेवटी भावी धन्यासोबत काही आठवड्यांचा एकत्र सराव. रस्ता कुत्र्याला ठाऊक असतो, हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. कोठे वळायचे ते माणूस ठरवतो. खड्डा, पायरी, लोंबती फांदी, येणारे वाहन यांकडे कुत्रा लक्ष ठेवतो. धन्याने पुढे चलण्याची आज्ञा केली तरी समोर धोका असल्यास कुत्र्याने ती मोडायची असते. या सविवेक अवज्ञेचे शिक्षण सर्वांत कठीण समजले जाते. अनेक पिल्ले परीक्षेत मागे पडतात आणि त्यांच्यावर झालेला खर्चही उत्तीर्ण श्वानाच्या किमतीत मिसळतो. त्यामुळेच अमेरिकेत एका श्वानाचा एकूण खर्च कित्येक हजार डॉलरांवर जातो.

या प्रथेचा संघटित उगम पहिल्या महायुद्धात झाला. युद्धात दृष्टी गमावलेल्या जर्मन सैनिकांसाठी डॉ. गेऱ्हार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्ग येथे पहिली शाळा काढली. १९२३ मध्ये पॉट्सडॅम येथे दुसरे मोठे केंद्र उभे राहिले. तेथील काम पाहून अमेरिकी श्वान-प्रशिक्षक डोरोथी यूस्टिस यांनी १९२७ मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकात लेख लिहिला. तो ऐकून मॉरिस फ्रँक या अंध तरुणाने त्यांच्याशी संपर्क साधला आणि १९२९ मध्ये अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. तिने अर्जदाराच्या पहिल्या श्वानासाठीचे दीडशे डॉलर हे नाममात्र शुल्क १९३४ पासून आजवर बदललेले नाही. माजी सैनिकाकडून तर एकच डॉलर घेतला जातो. जपानचा पहिला मार्गदर्शक श्वान चॅम्पी १९५७ मध्ये तयार झाला.

खर्चाच्या व्यवस्थेत देणग्यांची आणि सार्वजनिक निधीची अशा दोन परंपरा स्पष्ट दिसतात. ब्रिटनमध्ये हे कार्य मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते. जर्मनीत मार्गदर्शक श्वान हे वैधानिक आरोग्य विम्यातून मिळणारे सहायक साधन मानले जाते, आणि खरेदीबरोबरच पोषण व पशुवैद्यकीय उपचारांसाठीही ठरावीक मासिक रक्कम मिळते. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय दिव्यांग विमा योजना गरज तपासून श्वानाचा व त्याच्या संगोपनाचा खर्च उचलते. अमेरिकेत अंध माजी सैनिकांना श्वान पुरवण्यासाठी १९४४ मध्येच कायदा झाला. जपानने २००२ च्या कायद्याने वरील तिन्ही वर्गांना मान्यता देऊन सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा अधिकार दिला. मला यांत जर्मन व्यवस्था अधिक शहाणपणाची वाटते, कारण खरेदीनंतर कुत्र्याला रोज खायला लागते हे तिने नियमांत मान्य केले आहे.

भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कविषयक करार १ ऑक्टोबर २००७ रोजी स्वीकारला. व्यक्तिगत संचारासाठी साधनांबरोबर सजीव साहाय्यही परवडणाऱ्या दरात मिळावे, असे त्याचा अनुच्छेद २० सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या. कलम २४ मध्ये विनामूल्य साधने आणि अतिरिक्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्ता यांची तरतूद केली. दिव्यांगांना साधने पुरवणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यातून तीनचाकी, श्रवणयंत्र, कृत्रिम अवयव, ब्रेल साहित्य आणि आयआयटी दिल्लीत विकसित झालेली स्मार्ट काठी मिळते. श्वान मिळत नाही. याचे कारण योजनेच्या रचनेत आहे. शिबिरात मोजमाप घ्यायचे, वस्तू द्यायची, पोच घ्यायची आणि तेच साधन पुन्हा हवे असल्यास तीन वर्षे थांबायचे, अशी ती रचना आहे. दहा-बारा वर्षे जगणारा, आजारी पडणारा प्राणी तीत बसत नाही.

चकलांब्यातील अंध व्यक्तीला आज उपलब्ध असलेले इतर पैसे दोन ठिकाणांहून येतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्याला ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये मंजूर आहेत. त्याचा अर्ज गेवराईच्या तहसील कार्यालयात जातो. दुसरा स्रोत ग्रामपंचायतीचा. स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवणे तिला बंधनकारक आहे. गावोगावी ‘पाच टक्के निधी’ म्हणतात तो हाच. श्वानाची किंमत या निधीला झेपणार नाही. खुराक, रेबीजची लस, जंताचे औषध यांसाठी मात्र त्याचा उपयोग कल्पिता येतो. निराधार अनुदानातून लॅब्राडॉर पोसायला सांगणे म्हणजे माणसाच्या ताटातले काढून कुत्र्याला घालणे होय.

पैशाखेरीज इतर अडचणीही आहेत. चौकातली मोकाट कुत्री अनोळखी कुत्र्यावर धावून येतात आणि त्यामुळे शिकवलेला श्वानही विचलित होतो. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर त्याचे पंजे भाजतात. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. म्हातारी व दिव्यांग माणसे पुष्कळदा गावी मागे राहतात, तेव्हा श्वानाच्या देखभालीत मदतीला कोण असेल हेही पाहावे लागेल. मराठवाड्याच्या कारवानी कुत्र्याची चपळाई प्रसिद्ध आहे. तरी ससा दिसताच झेपावणे हा त्याचा वंशगुण असल्याने या कामासाठी लॅब्राडॉर व गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या जातींची निवड होते.

शिवाय श्वान देण्यापूर्वी बहुतेक संस्था अर्जदाराला पांढऱ्या काठीने स्वतंत्रपणे चालता येते का, हे तपासतात. ज्या गावात काठीने चालण्याचे शिक्षण देणारा प्रशिक्षकच पोहोचत नाही, तेथे सार्वजनिक निधीचा पहिला रुपया त्या प्रशिक्षकावर खर्च व्हावा, असे माझे मत आहे.

मालकीचा प्रश्नही नियमावलीत आधीच सोडवावा लागतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक श्वान पुरवणारी संस्था श्वान आपल्याच मालकीचा ठेवते व गरज पडल्यास त्याच्या खाण्याचा आणि उपचारांचा खर्च देते. ‘द सीइंग आय’ मालकी वापरणाऱ्याकडे सोपवते. साधारण सहा ते आठ वर्षांच्या सेवेनंतर श्वान निवृत्त होतो. तेव्हा तो त्याच घरी पाळीव म्हणून राहू शकतो, नातेवाइकांकडे जातो किंवा त्याला वाढवलेल्या कुटुंबाकडे परत जातो, आणि त्याच्या जागी नव्या श्वानासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.