सामाजिक धोरणाचा अभ्यास आणि आकड्यांचे वावडे

सामाजिक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांचे आपल्या विद्यापीठांत सामान्यतः दोन वर्ग पडतात. एकाला गरिबांविषयी कळकळ असते. परंतु कोष्टक समोर आले की तो पान उलटतो. दुसरा प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांची सूत्रे घडाघडा म्हणतो. परंतु ज्या घरातून आकडा आला, त्या घराचा उंबरठा त्याने कधी ओलांडलेला नसतो. एक समाजशास्त्र वा समाजकार्य विभागात बसतो, दुसरा संख्याशास्त्र विभागात. या फारकतीची किंमत मात्र तिसराच मोजतो. ज्याच्यासाठी धोरण आखावयाचे, तो गरीब माणूस!

ही फारकत मुळात नव्हती. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९१२ साली समाजशास्त्र व प्रशासन यांचा विभाग सुरू झाला, तो मुंबईच्या पैशावर. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी दारिद्र्याच्या कारणांचा शास्त्रीय शोध घेण्यासाठी दरसाल १४०० पौंड देऊ केले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाचे पहिले संचालक म्हणजे आर. एच. टॉनी. याच प्रतिष्ठानाच्या साह्याने आर्थर बाउली आणि बर्नेट-हर्स्ट यांचा चार इंग्रजी गावांतील कामगार कुटुंबांविषयीचा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला.

बाउली यांच्या कामाचे महत्त्व दुहेरी आहे. त्यांच्यापूर्वी १८९९ साली राउंट्री यांनी यॉर्क शहरातील ११,५६० कामगार कुटुंबांची पाहणी केली होती. बाउलींनी १९१२ मध्ये रेडिंग येथे सुमारे वीस घरांमागे एक घर निवडले आणि तेवढ्यावरून संपूर्ण गावाविषयी बोलता येते, शिवाय त्या बोलण्यात चूक किती संभवते हेही सांगता येते, हे दाखवून दिले. निष्कर्ष तर अधिकच बोलका होता. नियमित काम असूनही मजुरी अपुरी पडते, हे दारिद्र्याचे एक प्रमुख कारण ठरले. गरीब आळशी असतो म्हणून गरीब असतो, या समजुतीला नैतिक प्रवचनाने जे उत्तर देता आले नसते, ते कोष्टकाने दिले.

हा प्रवाह परत इकडेही आला. बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईतील मजुरांचे श्रम व निवारा यांवरील ग्रंथ १९२५ सालचा. पुढे १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तेथेच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचे मोजमाप मांडले. १९६०-६१ मध्ये ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के व नागरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोकांना पुरेसे अन्नही परवडत नव्हते, असा त्यांचा हिशेब होता. त्यावर वाद झाले. परंतु ते कशाच्या आधारे बोलत आहेत हे सर्वांना तपासता येत होते.

तपासणे का आवश्यक असते? राष्ट्रीय नमुना पाहणीने १९९४ ते १९९८ या काळात एक प्रयोग केला. काही कुटुंबांना अन्नावरील खर्च मागील ३० दिवसांचा विचारला. इतरांना अन्नाचा मागील ७ दिवसांचा आणि कपडे व टिकाऊ वस्तूंचा वर्षाचा विचारला. दुसऱ्या पद्धतीत मोजलेले दारिद्र्य जवळजवळ निम्म्यावर आले. देश तोच, वर्षे तीच, घरे तशीच. बदलला तो केवळ प्रश्न. ज्याला हे ठाऊक नाही, तो 'दारिद्र्य घटले' या मथळ्यावर एक तर डोळे झाकून विश्वास ठेवील किंवा सगळेच आकडे खोटे म्हणून मोकळा होईल. या दोन्ही वृत्ती अभ्यासकाला शोभणाऱ्या नाहीत.

ब्रिटनलाही ही उणीव जाणवली. समाजशास्त्रांच्या विद्यार्थ्यांना संख्यात्मक संशोधनपद्धती शिकविण्यासाठी तेथे २०१३ साली पंधरा विद्यापीठांत १ कोटी ९५ लाख पौंडांचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. आपल्याकडे एवढा निधी कोठून येणार, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु प्रारंभ करण्यास निधीपेक्षा इच्छा अधिक लागते. संशोधनपद्धतीची प्रश्नपत्रिका पाठांतरावर सोडविण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने पन्नास घरांची एक पाहणी स्वतः करावी. घरांची निवड, प्रश्नावली, कोष्टके आणि चुकीची मर्यादा, सारे त्याचेच असावे. रेशन, शाळागळती वा रोजगार हमी, विषय कोणताही चालेल. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने समाजशास्त्राच्या वर्गात जावे आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने त्याच्या वर्गात यावे, यासाठी नव्या इमारतीची गरज नाही.

'महिन्याला तेलावर किती खर्च होतो?' असे दारात उभे राहून ज्याने एकदा विचारले आहे, आणि उत्तर देण्यापूर्वी घरातील बाई बोटांवर हिशेब करीत किती वेळ थांबली हे ज्याने पाहिले आहे, तो पुढे सचिवालयात बसो वा वर्गात, कोणत्याही टक्केवारीकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकणार नाही.