रिपोर्ट नॉर्मल, दुखणं कायम
वेदनेचं विज्ञान : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण ताज्या दुखण्याचा प्रवास पाहिला. चटका बसतो, त्वचेतले चेतातंतू तो टिपतात, मज्जारज्जूतून संदेश मेंदूकडे जातो, हात मागे येतो आणि जखम भरली की दुखणं थांबतं. आज जिथे हा हिशेब जुळत नाही तिथे जायचं आहे. पाठ, सांधे, ओटीपोट किंवा सगळं अंगच महिनोन्‌महिने दुखतंय, फाइल जाड होत चालली आहे आणि प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’ असं छापून येतंय. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यक जुनाट वेदना म्हणतं. अशा माणसाच्या बाबतीत ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या वाक्याचा अर्थ आधी दवाखान्यात, मग घरात आणि शेवटी त्याच्या स्वतःच्या मनातही ‘काही झालेलं नाही’ असा लावला जातो. हा अर्थ निर्दय आहे हे कुणीही मान्य करेल. माझा मुद्दा त्याहून कोरडा आहे: उपलब्ध पुराव्याच्या कसोटीवर तो चूक आहे. आणि तो चूक असेल, तर आधी निदान होऊ दे, मग दुखण्याचं बघू, हा आपल्याकडचा रूढ क्रमही तपासून पाहायला हवा.

सुरुवात कंबरेच्या एमआरआयपासून करू, कारण या तपासणीवर लोकांचा सर्वाधिक विश्वास असतो. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ ही वाक्यं आता घरोघरी ऐकू येतात. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ३३ अभ्यास एकत्र करून ३,११० माणसांचे मणक्याचे स्कॅन तपासले. या माणसांना पाठदुखी मुळीच नव्हती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेलं. दोन वर्षांनी प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर याहून बोलका आहे. कंबरदुखी आणि पायात कळ असलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढण्यात आला. दहा अहवालांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदवले गेले आणि त्यांपैकी एकही दोष दहाच्या दहा अहवालांत नव्हता. म्हणजे चित्रात दोष दिसला म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. मग तेच चित्र स्वच्छ आलं, तर दुखण्याला कारणच नाही असं तरी कसं म्हणायचं?

रक्ताच्या तपासण्यांची तऱ्हाही अशीच. संधिवाताच्या शंकेने केली जाणारी एएनए ही चाचणी कमी पातळीवर मोजली, तर धडधाकट लोकांपैकी साधारण तिघांत एकाची पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट, खराखुरा ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्या कितीतरी रुग्णांत आरए फॅक्टर निगेटिव्ह असतो. तळपायांची आग होते म्हणून मधुमेह्यांची एनसीव्ही तपासणी केली जाते. पण ही तपासणी जाड चेतातंतूंचं काम मोजते आणि आग, जळजळ वाहून नेणारे तंतू बारीक असतात. ते बिघडले असले तरी एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते. बारीक तंतूंसाठी त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो आणि ती सोय मोजक्या ठिकाणीच आहे. प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते. ‘नॉर्मल’ याचा अर्थ त्या प्रश्नाचं उत्तर नकारार्थी आलं, इतकाच. विचारायचे राहिलेले प्रश्न तसेच असतात.

काही आजारांत तर तपासणी मागून येते आणि दुखणं कितीतरी आधी. मणक्याचा दाहक संधिवात हे याचं ठळक उदाहरण. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे नाव अनेकांनी ऐकलेलं असेल. तो ऐन विशी-तिशीत सुरू होतो. जगभरचे अभ्यास एकत्र पाहिले, तर पहिल्या दुखण्यापासून निदानापर्यंत सरासरी सात वर्षांच्या आसपास जातात. बायकांच्या बाबतीत त्याहूनही जास्त. कारण सरळ आहे. एक्सरेत माकडहाडाजवळच्या सांध्यांतला बदल दिसायला कित्येक वर्षं लागतात, आणि एचएलए-बी२७ ही रक्तचाचणी पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. मात्र दुखण्याची चाल पहिल्यापासून वेगळी असते. साधी पाठ विश्रांतीने बरी होते. ही पाठ विश्रांतीने आखडते आणि चालल्या-फिरल्यावर मोकळी होते. उत्तररात्री जाग येते, सकाळी अंग बराच वेळ ताठलेलं राहतं. ‘झोपून राहिल्यावर बरं वाटतं की उठून फिरल्यावर?’ या एका प्रश्नाला पैसे पडत नाहीत. तो न विचारता ‘बेडरेस्ट घ्या’ असा सल्ला दिला, तर नेमकं उलट होतं. वेळेवर ओळखल्यास या आजारावर आज चांगली औषधं आहेत, म्हणून ही सात वर्षं जास्तच खटकतात.

एंडोमेट्रिओसिसची कथा याहून जुनी आणि जास्त घरगुती आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर वाढते आणि पाळीच्या दिवसांत, पुढे इतर वेळीही ओटीपोट पिळवटून निघतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननक्षम वयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा आजार असतो. संख्या १९ कोटींच्या आसपास. तरीही निदानाला वर्षानुवर्षं लागतात. निम्मा उशीर ‘पाळीत दुखतंच, लग्नानंतर बरं होईल’ या घरच्या निकालामुळे होतो, असं मला वाटतं. उरलेला सोनोग्राफीमुळे, कारण पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. पूर्वी दुर्बिणीतून पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं धरत नसत. युरोपातल्या स्त्रीआरोग्य तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२च्या मार्गदर्शिकेत ही भूमिका बदलली. तपासण्या स्वच्छ आल्या तरी आजार नाही असं ठरवू नये आणि लक्षणं तशी असतील तर शस्त्रक्रियेची वाट न पाहता हार्मोनचे उपचार सुरू करता येतात, असं त्यांनी मांडलं. खात्रीचा कागद हाती येण्याआधी उपचार सुरू करायला एका प्रतिष्ठित संस्थेने दिलेली ही मुभा आहे.

आता सर्वांत अवघड गट: शोध नीट घेतला, दाह नाही, गाठ नाही, झीज वयाला साजेशी, आणि तरीही अंगभर दुखतंय, झोप लागत नाही, थकवा जात नाही. याला बहुतेक वेळा फायब्रोमायाल्जिया म्हणतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अशा रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला गेला आणि त्याच वेळी मेंदूचा स्कॅन घेतला. निरोगी माणसाला जेवढं दुखायला जितका दाब लागला, त्याच्या साधारण निम्म्या दाबात रुग्णांना तेवढंच दुखलं, आणि मेंदूत वेदनेच्या त्याच जागा जाग्या झाल्या. निरोगी लोकांना तो कमी दाब दिला तेव्हा त्यांच्या मेंदूत फारशी हालचाल नव्हती. रुग्ण दुखणं वाढवून सांगत नव्हते. त्यांच्या चेतासंस्थेत ते वाढूनच येत होतं. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये मज्जारज्जूतल्या या वाढीव संवेदनक्षमतेचा पुरावा दिला होता. घरात एकदा चोरी झाली की पुढे वाऱ्याने दार वाजलं तरी घरातले दचकून उठतात, तसं काहीसं. पुढे आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने २०१७ मध्ये या प्रकारच्या वेदनेला स्वतंत्र वर्ग दिला, आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘प्राथमिक जुनाट वेदना’ हा आजार म्हणून नोंदला गेला. दुसऱ्या कशाचं तरी लक्षण असण्याची अट त्यावर नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: शेवटी हे मनाचंच झालं की. डॉक्टर नैराश्याची गोळी लिहितात ते उगाच का? इथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. दीर्घ दुखण्यातून नैराश्य येतं आणि नैराश्यात दुखणं वाढतं, हे दोन्ही खरं. पण ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन ही औषधं वेदनेवर चालतात ती मेंदूकडून मज्जारज्जूकडे येणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या वाटांना बळ देतात म्हणून. नैराश्य अजिबात नसलेल्या मधुमेह्याच्या तळपायांची आगही त्यांनी कमी होते. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलेला रुग्ण इंटरनेटवर औषधाचं नाव शोधतो आणि ‘मला वेडं ठरवलं’ म्हणून गोळी टाकून देतो, हे टाळणं डॉक्टरांच्या दोन वाक्यांच्या हाती असतं. ती दोन वाक्यं बहुतेक वेळा बोलली जात नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुखण्यावरच उपचार करत राहिलं आणि खाली मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोग दडलेला असला तर? भारतात, जिथे क्षयरोग अजून सर्रास आढळतो, ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच शोध थांबवा असं कुणी म्हणत नाही. संध्याकाळचा ताप, कारण नसताना उतरणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पायातली कमी होत चाललेली ताकद, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा सुटलेला ताबा यांपैकी काहीही असेल तर तातडीने, आणि गरज पडल्यास पुन्हा, तपासण्या करायलाच हव्यात. यांपैकी काही नसताना मात्र तोच एमआरआय दर सहा महिन्यांनी काढणं हा शोध नव्हे. त्यातून वयाप्रमाणे झालेली एखादी निरुपद्रवी झीज हाती लागते आणि त्यावर ऑपरेशन सुचवलं जातं.

तिसरा आक्षेप डॉक्टर मंडळींकडून येतो: निदानाशिवाय उपचार म्हणजे जन्मभर पेनकिलर. ही शंका रास्त आहे. पण उपचार म्हणजे पेनकिलर हे समीकरणच आधी सोडायला हवं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये प्राथमिक जुनाट वेदनेसाठी अफूजन्य औषधं, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, इतकंच काय गॅबापेन्टिनसारखी औषधंही नव्याने सुरू करू नयेत असं सांगितलं. तिथे भर आहे तो व्यायामावर, वेदनेसोबत वागण्याच्या मानसोपचारावर आणि काही नैराश्यविरोधी औषधांवर. फायब्रोमायाल्जियासाठी युरोपीय संधिवात तज्ज्ञांनी ज्याची ठाम शिफारस केली तो उपचार एकच, व्यायाम. तोही झेपेल तिथून सुरू करून हळूहळू वाढवलेला. यांतलं काहीच निदान पक्कं होईपर्यंत थांबवून ठेवायची गरज नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे हे महाराष्ट्राला खरं तर फार आधी कळलं होतं. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. प्रौढांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना असं दुखणं होतं, आणि त्यात कुठल्याही एका आजाराच्या चौकटीत न बसणाऱ्या दुखण्यांचा वाटा लक्षणीय होता. दहा वर्षांनी चिकनगुनियाची साथ आली. ताप आठवड्यात गेला, सांधे मात्र अनेकांचे कित्येक महिने धरून राहिले. तरीही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत जुनाट वेदनेला जागा नाही. रिपोर्ट नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून कामावर सवलत नाही. शेतमजुरी करणारी बाई मग दुखणं अंगावर काढते.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना फाइलच्या वर एक कागद ठेवा. दुखणं कधी सुरू झालं, दिवसाच्या कुठल्या वेळी वाढतं, विश्रांतीने कमी होतं की हालचालीने, पाळीशी किंवा झोपेशी त्याचा काही संबंध दिसतो का, आणि त्यामुळे कोणती कामं सुटली, एवढं त्यावर लिहा. एमआरआयच्या फिल्मपेक्षा हा कागद अनेकदा जास्त सांगतो. ‘नॉर्मल’ असं ऐकलं तर विचारा: या तपासणीने काय नाही हे कळलं, काय असू शकतं हे अजून उरलं आहे, आणि ते कळेपर्यंत दुखण्यासाठी आजपासून काय करायचं? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर संधिवात तज्ज्ञ किंवा मोठ्या रुग्णालयांतल्या पेन क्लिनिककडे चिठ्ठी मागा. ती मागणं हा तुमचा हक्क आहे. पुढच्या लेखांकात पेनकिलर गोळ्यांबद्दल: कोणती, किती दिवस आणि किडनीवर काय परिणाम.