आणि पार्टी

सकाळी ६. कारखान्याचा भोंगा झाला की श्रीपुरात झोपून राहता येत नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि तिच्या कारखान्याभोवती आमचं गाव वाढलं. माझे वडील तिथेच कामाला होते. मी ढोलकीवाला झालो, तरी रात्री कितीही उशिरा पाठ टेकली, भोंग्याला डोळे उघडतातच. चहाच्या आधी ढोलकीवरची गोधडी बाजूला करतो आणि शाईवर एकदाच बोट टाकतो. माघातली थंडी, त्यात चहूकडे पाणी प्यालेला ऊस. पुडी रात्रीतून उतरलेली असते.

९. रियाज. धुमाळी, केरवा, मग लग्ग्या. उजव्यापेक्षा डावा हात जास्त घासतो. शाई बोलते, पण लावणी चालते धुम्यावर. तळवा दाबून पुढे सरकवला की जो घुमारा निघतो, त्यावर नाचणारीचं पाऊल पडतं. पांडुरंग घोटकर, लाला गंगावणे यांचं वाजवणं ऐकून ऐकून आमच्या पिढीनं हे हातात उतरवलं.

दुपारी १२. पेटीमास्तरांच्या ओसरीवर सगळे जमलो. आजच्या जत्रेचं पोस्टर मोबाइलवर आलं होतं. आमच्या गाणाऱ्या ताईंचा मोठा फोटो, खाली त्यांचं नाव, त्याखाली ‘आणि पार्टी’. पेटी, ढोलकी, हलगी, कीबोर्ड, झीलकरी, अशी पाच माणसं त्या दोन शब्दांत. मला हे आजही लागतं. पैशाचं दुःख नाही, ताई हिशेबाला चोख आहेत. पण एकोणीस वर्षं ज्या गळ्यामागे बसलो, त्याच्या शेजारी आपलंही नाव बारक्या अक्षरात असावं, एवढं वाटतं.

कीबोर्डवाला पोरगा शिकलेला आहे. त्यानं एकदा विलायतेतल्या क्लिफ रिचर्डची गोष्ट सांगितली. हा गायक १९४० साली आपल्या लखनौला जन्मला. त्याच्यामागे वाजवणाऱ्या पोरांचं नाव आधी ‘ड्रिफ्टर्स’ होतं. त्याच नावाची मंडळी अमेरिकेत आधीपासून होती, म्हणून १९५९ साली यांनी बदलून ‘शॅडोज’ घेतलं, म्हणजे सावल्या. दुसऱ्याच वर्षी त्या सावल्यांनी गायकाशिवाय, नुसत्या वाद्यांवर ‘अपाची’ ही धून वाजवली आणि ती तिकडे पहिल्या क्रमांकावर गेली. पुढे कितीतरी वर्षं ते क्लिफच्या मागेही वाजवत राहिले आणि स्वतःच्या नावानंही.

मास्तर म्हणाले, “आरं, त्याला विलायतेला कशाला जायचं? होनाजी-बाळा काय हाय मग?” खरंच आहे. होनाजी शिलारखाने रचायचा, बाळा करंजकर गायचा, आणि दोन माणसांचं मिळून एक नाव झालं. शाहीर राम जोशींच्या सोलापूर जिल्ह्यात बसून मला हे आधी सुचायला हवं होतं.

३.३०. टेम्पो निघाला. टेंभुर्णीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, दीड तास त्यांच्या मागेच गेला.

५.३०. स्टेज लागलेलं, पण ताईंचा घसा धरलेला. गरम पाण्याचा पेला हातात घेऊन म्हणाल्या, “दादा, आज काळी चार नको. पांढरी पाचला बसू.” अर्धाच सूर खाली. ऐकणाऱ्याला कळणारही नाही, पण मला दोन्ही ढोलक्यांचे सगळे नट पान्यानं थोडेथोडे सैल करून शाई पुन्हा फिरून लावावी लागते. मास्तर स्वर धरून बसले, मी गोल फिरत गेलो. शेवटी पेटी कुठली आणि शाई कुठली ते कळेनासं झालं, तेव्हा थांबलो.

७. गण. मग लावण्या. मी लोकांकडे बघत नाही, ताईंच्या खांद्याकडे बघतो. श्वास संपायला आला की डावा खांदा किंचित वर येतो. तिसऱ्या लावणीच्या अंतऱ्यात तो वर आला. वरचा स्वर अजून बाकी होता. मी ठरल्या जागेच्या आधीच तोडा घेतला, हलगीवाल्यानं तो झेलला, मैदानात शिट्ट्या उठल्या. तेवढ्यात ताईंनी श्वास भरला आणि तिहाईच्या समेवर तो स्वर स्वच्छ लावला. सुलोचना चव्हाणांचे चिरंजीव विजय चव्हाण ढोलकी वाजवतात. आईच्या गळ्याशेजारी वाढलेल्या त्या हाताचा मला फार हेवा वाटतो. मला खांदा ओळखायला चार वर्षं लागली.

९. दव पडायला लागलं आणि शाई बसली. दुसरी ढोलकी शेकोटीजवळ राखून ठेवलेली होती. ती येईपर्यंत ताईंनी आलाप लांबवला. त्या मला सांभाळतात, ते असं.

१०. कर्णे बंद. पूर्वी पहाटेपर्यंत चालायचं, आता नियम आहे. ताईंनी प्रत्येकाच्या हातात नाइटचे पैसे दिले. भाकरी, पिठलं, ठेचा खाऊन टेम्पोत बसलो.

१२.४५. श्रीपूर. कारखान्यासमोर ट्रॅक्टरांची रांग, धुराड्यावर लाल दिवा. घरी येऊन नट सैल केले, ढोलकी गोधडीत गुंडाळली, बोटांना खोबरेल चोळलं. फोन वाजला. ताईंचा निरोप होता : “घसा सुटला. उद्या काळी चार.”

पाना उशाशी घेऊन आडवा झालो.